न पेरतां उगवलेलें



मृगाच्या दोन चांगल्या सरी पडून गेल्या, कीं आठ-दहा दिवसांत घराघराच्या परसांत एक लहानसा तंटा उपस्थित होतो. तुळशीवृंदावनाच्या कडेला, मोरीच्या पाण्याच्या वाटेवर, फरशीच्या सांध्यांत, मोगऱ्याच्या कुंडींत कसलीं तरी रोपें डोकें वर काढतात. तीं कोणीं पेरलेलीं नसतात. घरांतील एक माणूस म्हणतें, ‘‘सारें रान माजलें आहे, उपटून टाका.’’ दुसरें म्हणतें, ‘‘राहूं द्या कीं चार दिवस, काय आहे तें तरी कळूं द्या.’’ चार दिवसांनीं कळतें कीं एक पपई आहे, दोन टोमॅटो आहेत, एक कारल्याचा वेल आहे, आणि गेल्या साली मुळासकट उपटली म्हणून ज्याबद्दल सर्वांची खात्री होती, ती गुलबक्षी पुन्हां जशीच्या तशी उभी आहे.

हा तंटा क्षुल्लक दिसतो. पण तो फार जुना आहे. माणसानें प्रथम जमीन नांगरली त्या दिवशीं तो सुरू झाला आणि अद्याप मिटलेला नाहीं. त्याचाच थोडासा इतिहास आज आपल्यापुढें ठेवावा, असा माझा विचार आहे.

अशा रोपांना आपण तण म्हणतों, आगंतुक म्हणतों, आणि फारच राग आला तर उपटसुंभ म्हणूनहि मोकळे होतों. संस्कृतांत मात्र याहून अधिक न्यायी असा एक शब्द आहे. नांगरलेल्या भुईंत पिकतें तें ‘कृष्टपच्य’ आणि नांगर न लागतां पिकतें तें ‘अकृष्टपच्य’. रुद्रापाठोपाठ म्हटल्या जाणाऱ्या चमकांत यजमान देवापाशीं जें जें मागतो, त्याची यादी बरीच लांबलचक आहे. तींत भात आहे, जव आहे, तीळ आहेत, गहूं आहेत. त्यांच्याच पंक्तीला नीवार म्हणजे रानांत आपोआप होणारें भातहि आहे. आणि त्याच यादींत कृष्टपच्य व अकृष्टपच्य हे दोन्ही शब्द अगदीं शेजारीं शेजारीं आले आहेत. हें मागणें मागणारा समाज नांगर धरणारा होता. पेरून काय मिळतें हें त्याला पक्कें ठाऊक होतें. तरीहि न पेरतां जें मिळतें तें आपणांस नको, असें तो म्हणाला नाहीं.

या गोष्टीची आठवण आपल्या घरांतून अजून पुसली गेलेली नाहीं. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीं ऋषिपंचमी येते. बैलाच्या श्रमानें पिकलेलें त्या दिवशीं खावयाचें नाहीं, असा दंडक पुष्कळ घरांतील स्त्रिया पाळतात आणि परसांतील माठ, अळू, भोपळा यांची ‘ऋषीची भाजी’ करतात. नांगर येण्यापूर्वींचें जेवण वर्षांतून एक दिवस आपल्या पानांत वाढलें जातें, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. आघाड्याची कथाहि अशीच. त्याचीं कुसळांसारखीं बीजें कपड्यांना चिकटतात म्हणून वर्षभर आपण त्याला शिव्या देतों, आणि भाद्रपदांत त्याच आघाड्याच्या जुडीसाठीं मंडईंत पैसे मोजतों. गणपतीच्या एकवीस पत्रींत त्याला स्थान आहे. दूर्वेचेंहि तेंच. माळी जिच्या मुळ्या खणतां खणतां थकतो, तिची जुडी देवाच्या मस्तकावर चढते.

आतां प्रश्न असा, कीं हें बीं येतें कोठून? कांहीं वारा आणतो, कांहीं पाखरें आणतात, कांहीं आपण स्वतःच आणतों. लंडनजवळच्या क्यू येथील सुप्रसिद्ध वनस्पतिउद्यानाचे संचालक सर एडवर्ड सॅलिसबरी यांनीं एकदां आपल्या विजारीच्या दुमडलेल्या कांठांत सांचलेला केरकचरा मातींत टाकून पाहिला. त्यांतून वीसहून अधिक जातींचीं मिळून ३०० च्या आसपास रोपें उगवलीं. एक सभ्य गृहस्थ फिरावयास जाऊन परत आले, तें बरोबर एक लहानसें रान घेऊन!

परंतु बाहेरून येणारें बीं हा हिशेबाचा थोडा भाग झाला. मोठा सांठा पायाखालच्या मातींतच असतो. चार्लस् डार्विन याच्या १८५९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथांत या संबंधीं एक साधा आणि मनोरंजक प्रयोग आहे. डार्विननें फेब्रुवारी महिन्यांत एका लहानशा डबक्याच्या कांठीं, पाण्याखालून, तीन ठिकाणचा मिळून तीन मोठे चमचे चिखल घेतला. वाळल्यावर त्याचें वजन पावणेसात औंस, म्हणजे सुमारें १९० ग्रॅम भरलें. तो त्यानें आपल्या अभ्यासिकेंत सहा महिने झांकून ठेवला आणि जें जें रोप उगवेल तें तें उपटून मोजलें. एकंदर ५३७ रोपें झालीं. तो सारा चिखल न्याहारीच्या एका पेल्यांत मावत होता. पेलाभर चिखलाची ही संपत्ति, तर आपल्या परसाची किती असेल याची कल्पनाच करावी.

मातींतील हा सांठा किती दिवस टिकतो, या प्रश्नाच्या मागें लागलेला एक प्रयोग तर अद्याप चालूं आहे. अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत शेतकी कॉलेजांत विल्यम जेम्स बील नांवाचे वनस्पतिशास्त्राचे अध्यापक होते. खुरपणी केव्हां तरी संपेल काय, हा शेतकऱ्यांचा प्रश्न. आणि तण एक वर्ष बीं टाकून गेलें तर तें बीं किती वर्षें जिवंत राहतें हें कळल्यावांचून त्याचें उत्तर देणें शक्य नव्हतें. बील यांनीं १८७९ सालीं २० बाटल्या घेतल्या. प्रत्येकींत एकवीस जातींच्या प्रत्येकीं ५० बिया ओलसर वाळूंत मिसळून भरल्या, आणि आंत पाणी सांचूं नये म्हणून तोंडें खालीं कलतीं ठेवून त्या जमिनींत पुरल्या. आपल्या बाजारांत भाजी म्हणून मिळणारी घोळ त्या एकवीस जातींत होती, हें ऐकून गृहिणींना कौतुक वाटेल.

दर पांच वर्षांनीं एक बाटली काढावयाची आणि बिया पेरून पाहावयाच्या, असा बील यांचा बेत होता. पण बिया दमेनात. तेव्हां १९२० पासून दहा वर्षांनीं, आणि १९८० पासून वीस वर्षांनीं एक बाटली काढावी असें ठरलें. बील स्वतः १९२४ सालीं वारले. बाटल्या कोठें पुरल्या आहेत याचा नकाशा एका अध्यापकाकडून दुसऱ्याकडे, गुरूनें शिष्याला मंत्र द्यावा तसा, जात राहिला. ऐंशी वर्षांनंतर एकवीसपैकीं तीनच जाती उगवत होत्या. त्यांतील एक आपल्या आंबटचुक्याची जवळची नातलग. पुढें तिचीहि शक्ति संपली. २०२१ सालच्या एप्रिल महिन्यांत एका रात्रीं, अंधारांतच, पुढची बाटली उकरण्यांत आली. एकशेचाळीस वर्षांहून अधिक काळ निजलेल्या त्या बियांपैकीं वीस बिया उगवल्या. त्या जवळजवळ सर्व ‘मॉथ मुलेन’ नांवाच्या एका साध्या रानटी झाडाच्या होत्या. आणखी चार बाटल्या मातींत आहेत. शेवटची २१०० सालीं निघावयाची आहे. प्रश्न विचारणारे शेतकरी गेले, उत्तर शोधणारा अध्यापक गेला, आणि उत्तर अजून मातींत आहे.

ती बाटली रात्रीं कां उकरली, हेंहि सांगितलें पाहिजे; कारण आपल्या परसांतील तंट्याशीं त्याचा फार निकटचा संबंध आहे. १९५२ सालीं अमेरिकन शेतकी खात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील संशोधकांनीं लेट्यूस नांवाच्या पालेभाजीच्या बीवर प्रयोग करून असें दाखविलें, कीं तांबड्या प्रकाशाचा थोडासा स्पर्श बीला जागें करतो, आणि तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा प्रकाश तिला पुन्हां निजवतो. हिरवीं पानें तांबडा प्रकाश स्वतःच शोषून घेतात. म्हणून दाट झाडीखालीं पडलेल्या अशा बीला कळतें, कीं वर जागा भरलेली आहे. अद्याप उठण्याची वेळ नाहीं. मातीखालीं गाडलेलीला तर प्रकाशच मिळत नाहीं. ती वाट पाहते. मग एके दिवशीं आपण कुदळ घेऊन तण काढावयास बसतों. खालची माती वर येते, क्षणभर ऊन लागतें, आणि कैक वर्षांच्या बिया एकदम उठून बसतात. तण काढण्याची रीत हीच तणाला आवतण देण्याची रीत ठरते! आपल्या आजीनें ‘‘जितकें उपटावें तितकें येतें’’ म्हणून कपाळाला हात लावला असेल, तर तिचें निरीक्षण अचूक होतें.

माणसानें शांतपणें कुदळ चालविली तर इतकें होतें. मग बॉम्बनें जमीन उलथली तर काय होईल? १९४० आणि १९४१ सालीं लंडन शहरावर विमानांतून बॉम्ब पडले. जेथें शतकानुशतकें घरें, दुकानें आणि फरसबंद रस्ते होते तेथें ढिगारे झाले. थोड्याच दिवसांत त्या ढिगाऱ्यांवर फुलें डोलूं लागलीं. मघाशीं ज्यांच्या विजारीची गोष्ट सांगितली, त्या सॅलिसबरीसाहेबांनीं तीं उद्ध्वस्त ठिकाणें फिरून वनस्पतींची मोजदाद केली, तेव्हां शंभराहून अधिक जाती आढळल्या. जळलेल्या जागीं जोमानें वाढणारें एक गुलाबी-जांभळ्या फुलांचें झाड तर इतकें माजलें, कीं लोकांच्या मनांत त्या युद्धाच्या आठवणीशीं तें कायमचें जोडलें गेलें.

त्याच धुमश्चक्रींत ब्रिटिश म्यूझियमच्या वनस्पतिसंग्रहालाहि आग लागली. तेथें वाळवून ठेवलेल्या नमुन्यांत शिरीषाच्या जातीच्या एका झाडाच्या बिया होत्या. त्या १७९३ सालीं चीनमधून आणलेल्या. आग विझविण्यासाठीं मारलेलें पाणी त्यांना लागलें, आणि १४७ वर्षें कपाटांत पडून राहिलेल्या त्या बियांना मोड आले. आपल्याकडील रस्त्यांवर उन्हाळ्यांत वाळक्या शेंगा खुळखुळविणारा शिरीष हा त्याच झाडाचा भाऊबंद होय.

येथवर दूरच्या गोष्टी झाल्या. आतां पुन्हां आपल्याच परसांत येऊं या. तेथें न पेरतां उगवलेल्या झाडांना त्यांचा मूळ गांव विचारला, तर मोठीं विलक्षण उत्तरें मिळतील. पपई अमेरिका खंडांतील. टोमॅटो आणि मिरची तिकडचींच. उपासाला चालणारा राजगिरा, जो एकदां लावला कीं वर्षानुवर्षें आपला आपणच उगवतो, त्याचें माहेरहि तेंच. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें घेतल्यावर शंभर-दीडशें वर्षांत त्यांच्या गलबतांबरोबर जीं झाडें पश्चिम किनाऱ्यावर उतरलीं, त्यांतील कित्येकांना आतां आपण परकीं म्हणून ओळखतहि नाहीं. भिंतीच्या चिरेंत मूठभर मातीवाचून वाढणारी सदाफुली मूळची मादागास्कर बेटांतील. १९५० नंतरच्या दशकांत कॅनडा आणि अमेरिका येथील संशोधकांनीं तिच्यांतून जीं द्रव्यें काढलीं, त्यांतूनच लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील एक अत्यंत गुणकारी औषध पुढें आलें. ज्या रोपाला आपण झाडूनें झोडपतों, त्याची ही योग्यता!

आणि गुलबक्षी? तिचें नांव फारशी ‘गुल-अब्बास’ यावरून आलेलें, आणि इंग्रज तिला ‘पेरूदेशचें आश्चर्य’ म्हणतात. नांव एका खंडाचें, जन्म दुसऱ्या खंडांतला, आणि संसार आपल्या मोरीपाशीं. दुपार कलली कीं उमलते, सकाळीं मिटते. मिऱ्याएवढी काळी सुरकुतलेली बी ती मुठीमुठीनें टाकतेच; शिवाय जमिनींत तिचें मूळ कंदासारखें जाडजूड असतें. वरचें झाड ओढून काढलें तरी तो कंद बहुधा आंतच राहतो. ‘‘मुळासकट उपटली’’ ही आपली समजूत असते, गुलबक्षीची नव्हे.

न बोलावतां आलेल्यांपैकीं एखादा पुढें घरचा धनी होऊन बसल्याचेंहि उदाहरण आहे. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलॉव्ह (१८८७–१९४३) यांनीं पश्चिम आशियाच्या डोंगराळ भागांतून हिंडतांना असें पाहिलें, कीं सखल भागांतील गव्हाच्या शेतांत ‘राय’ हें गवत तण म्हणून वाढतें आणि शेतकरी तें उपटून टाकतो. जसजसें उंच व थंड प्रदेशांत जावें तसतसा गहूं खुरटतो आणि राय जोर धरते. अखेर एके ठिकाणीं शेतकरी हार मानतो आणि रायच कापून घरीं नेतो. उत्तर युरोपांतील कोट्यवधि लोकांनीं शतकानुशतकें जी काळी भाकरी खाल्ली, तिचें धान्य अशा रीतीनें उपटतां उपटतां पीक झालें, असें वाव्हिलॉव्ह यांचें प्रतिपादन होतें.

हें सर्व ऐकून कोणी म्हणेल, कीं मग खुरपें टाकून द्यावें आणि उगवेल तें उगवूं द्यावें. तसें मात्र मला म्हणावयाचें नाहीं. पुण्यांत १९५५ च्या सुमारास एका नव्या तणाची नोंद झाली. त्याचीं पानें गाजराच्या पानांसारखीं, फुलें बारीक पांढरीं. लोकांनीं त्याला गाजरगवत म्हटलें, काँग्रेस गवत म्हटलें. परदेशी गव्हाबरोबर तें आलें असा समज रूढ आहे. एकेक झाड हजारों बिया टाकतें. पाहतां पाहतां तें साऱ्या देशभर पसरलें. त्याच्या स्पर्शानें पुष्कळांच्या अंगावर चट्टे उठतात, परागांनीं दमा बळावतो. गुरेंहि त्याला सहसा तोंड लावीत नाहींत. त्याला आवर घालण्यासाठीं त्याच्याच मायदेशाहून, मेक्सिकोहून, एक लहान भुंगेरा आणून १९८४ सालीं बंगळूर येथें सोडावा लागला. असा पाहुणा दारांत दिसला, तर फुलावर येण्यापूर्वींच, हातांत मोजे घालून, तो काढलाच पाहिजे.

पण येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. गाजरगवत अमेरिकेंतून आलें, तशीच गुलबक्षीहि अमेरिकेंतून आली. आघाडा आपला जुना, तसेंच लव्हाळ्याचें तणहि आपलें जुनेंच. आणि लव्हाळा बागाइतदाराचा जीव नकोसा करतो. कोण कोठून आला, यावरून त्याची परीक्षा होत नाहीं. तो येथें येऊन कसा वागतो, शेजाऱ्याला जगूं देतो कीं नाहीं, यावरून होते. आणि वागणूक पाहावयाची म्हणजे थोडी सवड द्यावी लागते. पहिलीं दोन पानें बहुतेक रोपांचीं सारखींच दिसतात; खरी ओळख पटते ती नंतरच्या पानांवरून. तेवढे आठ-दहा दिवस हात आंवरावा. इतकी मुदत आपण भाडेकऱ्यालाहि देतों.

शेवटीं एक पाहिलेली गोष्ट सांगून भाषण पुरें करतों. आमच्या आळींत एक जुना वाडा होता. तो विकला गेला, पाडला गेला, आणि भाऊबंदकीच्या दाव्यामुळें जागा दोन पावसाळे तशीच पडून राहिली. विटांचे ढीग लोकांनीं उचलून नेले. सपाट झालेल्या त्या मैदानांत वाड्याचा दरवाजा कोठें होता, विहीर कोठें होती, हें आम्हां शेजाऱ्यांनाहि सांगतां येईना. दुसऱ्या पावसाळ्यांत त्या मैदानाच्या मध्यभागीं गुलबक्षीची एक ओळ उगवली. ती अगदीं सरळ आणि पंधरा-वीस हात लांब होती. एके दिवशीं संध्याकाळीं त्या वाड्यांतील आजी आपल्या नातीचा हात धरून जागा पाहावयास आल्या. बराच वेळ त्यांना कांहींच ओळखूं येत नव्हतें. मग ती उमललेली ओळ दिसली.

‘‘ही मोरीची पन्हळ,’’ त्या म्हणाल्या. ‘‘म्हणजे येथें स्वयंपाकघर. आणि येथें माझ्या सासूबाई बसत. त्यांनींच लावली होती ही. मी आपली दर वर्षीं उपटीत असें. पाणी तुंबतें म्हणून.’’

मग त्या ओळीच्या कडेकडेनें चालत त्यांनीं नातीला साऱ्या खोल्या दाखविल्या. देवघर कोठें, माजघर कोठें, बाळंतिणीची खोली कोठें, हें त्या पावलांनीं मोजून सांगत होत्या. चाळीस वर्षें जें उपटून टाकण्यांत त्यांनीं घालविलीं, तेवढेंच त्यांच्या घराचें शिल्लक राहिलें होतें, आणि त्याच्याच आधारानें त्यांना बाकीचें घर सांपडलें. जातांना त्यांनीं नातीच्या ओच्यांत मूठभर काळ्या बिया घातल्या.

पुढें दावा मिटला. पाया खणण्यास आरंभ झाला आणि तेथील माती मालमोटारींत भरून कोठें तरी भरावासाठीं नेण्यांत आली. ती कोठें पडली तें मला ठाऊक नाहीं. परंतु जेथें पडली असेल, तेथें मृगाच्या दोन सरींनंतर कोणाच्या तरी घरांत तो तंटा उपस्थित झालाच असेल. एक माणूस ‘‘उपटा’’ म्हणालें असेल, आणि दुसरें, ‘‘राहूं द्या कीं चार दिवस.’’